इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि एक तरी वाक्य

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. असा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. इंग्रजी वाचताना बहुतेक मजकूर समजतो, पण लिहायला-बोलायला बसलं की हाताशी येतात ते तेच ठरावीक शब्द: गुड, नाइस, व्हेरी, थिंग. ओळखीचे शब्द पुष्कळ, वापरातले मोजके. हे दुखणं माझ्या एकटीचं नसावं.

तर कल्पना अशी की, ज्याला जो शब्द भेटेल तो त्याने इथे टाकायचा. शब्द, मराठी अर्थ आणि एक वाक्य. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं, नुसतं हसू नये.

इंग्रजीही देवनागरीतच लिहूया. दर वाक्याला फोनचा कळफलक बदलत बसायचा कंटाळा येतो. स्पेलिंग ज्याचं त्याने कोशात बघावं, त्या निमित्ताने कोश तरी उघडला जाईल.

सुरुवात करते.

रिलक्टंट – अनिच्छुक, नाखूश. ही इज रिलक्टंट.
फ्रूगल – काटकसरी. माय अंकल इज फ्रूगल.
नोटोरियस – कुप्रसिद्ध. ही इज अ नोटोरियस मॅन.
इव्हेन्च्युअली – अखेरीस. इव्हेन्च्युअली ही केम.

पिंपळपान

मस्त उपक्रम. वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडून एक: मेटिक्युलस – काटेकोर. वाक्य सुचलं की टाकतो.

चकोर

देवनागरीची कल्पना चांगली, पण 'वेस्ट' लिहिलंत तर पश्चिम दिशा, बनियन, कंबर की कचरा, हे कसं ओळखायचं? :)

कोरीपाटी

वाक्यावरून! म्हणून तर वाक्य सक्तीचं.

स्वल्पविराम

कोरीपाटी, धागा आवडला, म्हणूनच जरा टोकतो. तुमच्या पहिल्या वाक्यातला 'रिलक्टंट' बोटाने झाका. 'ही इज' आणि पुढे रिकामी जागा. तिथे हॅपी बसतं, टॉल बसतं, डेडसुद्धा बसतं. म्हणजे त्या वाक्याने शब्दाबद्दल काहीच सांगितलं नाही, सगळा भार मराठी अर्थावर पडला. मग वाक्य देऊन उपयोग काय झाला?

आता हे बघा: शी वॉज रिलक्टंट टू सेल द हाउस, बट शी नीडेड द मनी. घर विकणं तिच्या जिवावर आलं होतं, पण पैशांची गरज होती. पुढे 'टू' आणि क्रियापद येतं हे दिसलं. शिवाय अशा माणसाचा साफ नकार नसतो, तो कां-कू करतो आणि पुष्कळदा शेवटी ते काम करतोही, हेही कळलं. 'अनिच्छुक' या अर्थात यातलं काही नाही. मराठीत रोजच्या बोलण्यात 'अनिच्छुक' म्हणतं तरी कोण? आपण 'जिवावर येतं' म्हणतो.

नोटोरियसचंही तसंच. हा शब्द फक्त माणसांसाठी नाही. दॅट रोड इज नोटोरियस फॉर ॲक्सिडेंट्स. कशासाठी बदनाम, ते 'फॉर' लावून सांगायचं. ही जोडगोळी एकत्रच लक्षात ठेवावी.

इव्हेन्च्युअलीमध्ये वाट बघणं किंवा खटपट करणं दडलेलं असतं: वी वेटेड फॉर आवर्स, अँड द बस इव्हेन्च्युअली केम. तुमच्या 'इव्हेन्च्युअली ही केम'मध्ये आधीची वाट दिसतच नाही, त्यामुळे 'सडनली' घातलं तरी वाक्य चालून जातं.

माझी कसोटी एवढीच आहे. शब्द झाकावा आणि उरलेल्या वाक्यावरून तो किंवा त्याचा सख्खा भाऊ ओळखता यावा.

मनमोकळी

+१. आणि फ्रूगलसोबत स्टिंजी दाखवल्याशिवाय तो नीट कळत नाही. शी इज फ्रूगल अँड सेव्ह्ज हाफ ऑफ हर सॅलरी. हे कौतुक आहे. ही इज सो स्टिंजी दॅट ही नेव्हर पेज फॉर एनिवन एल्स. ही निंदा. आपल्याकडेही काटकसरी आणि चिक्कू यांत हाच फरक आहे. खर्च दोघेही कमीच करतात, बोलणाऱ्याचं मत वेगळं असतं. शब्द शिकताना तो कौतुकाचा की टोमण्याचा हे लिहून ठेवा. नाहीतर एखाद्या भल्या माणसाला तोंडावर नोटोरियस म्हणून मोकळे व्हाल.

वाटसरू

सगळ्यांची माफी मागून वेगळा सूर लावतो. मराठी अर्थ हवाच कशाला? इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा, इंग्रजीत विचार करा. मनातल्या मनात भाषांतर करत बसलात तर बोलताना कायम अडखळाल. मूल मातृभाषा शिकतं तेव्हा त्याला कोण अर्थ सांगतं?

मनमोकळी

वाटसरू, मूल दिवसभर तीच भाषा ऐकतं, वर्षानुवर्षं ऐकतं. नोकरी-संसार सांभाळून रात्री अर्धा तास काढणाऱ्या माणसाला ती चैन परवडत नाही. त्याच्याकडे मुलाकडे नसलेली एक गोष्ट आहे: एक अख्खी भाषा पक्की येते. तिचा उपयोग का करू नये?

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आहे. माझं भांडण मराठीशी नाही, एका शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवण्याशी आहे. 'डाउट'समोर 'शंका' लिहिलं की झालं, असं वाटतं. पण आपल्या शंकेचे दोन अर्थ आहेत. वर्गात हात वर करून विचारतो तीही शंका, आणि कुणाच्या प्रामाणिकपणाबद्दल वाटते तीही शंका. आय हॅव अ डाउट असं भारतात चालतं, सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला मात्र वाटतं की याचा आपल्या बोलण्यावर विश्वास नाही. त्याला काही विचारायचं असेल तर आय हॅव अ क्वेश्चन म्हणावं. डाउट कुठे? आय डाउट इफ ही विल फिनिश इट टुडे. तो आज ते संपवेल असं मला वाटत नाही.

शेवटचं मराठी वाक्य पुन्हा वाचा. त्यात शंका हा शब्दच नाही, तरी अर्थ नेमका आला आहे. म्हणून मी शब्दासमोर शब्द लिहायला सांगत नाही. इंग्रजी वाक्यासमोर, आपण घरात जसं बोलू तसं अख्खं मराठी वाक्य लिहायला सांगते.

वाटसरू

हे पटतंय थोडं. पण मग मराठीची वळणं इंग्रजीत घुसतात त्याचं काय?

मनमोकळी

घुसतातच. आणि कुठून घुसतात ते दाखवलं की आवरता येतात. न दाखवता 'इंग्रजीत विचार कर' म्हटलं तर ती तशीच राहतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत.

सर्वात चिवट आहेत आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं. 'च्याशी लग्न केलं' म्हणून शी मॅरिड विथ हिम. 'च्याबद्दल चर्चा केली' म्हणून वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन. 'मला म्हणाला' म्हणून ही टोल्ड टू मी. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी क्रियापदाला मध्ये कुणी नको असतं: शी मॅरिड हिम, वी डिस्कस्ड द प्लॅन, ही टोल्ड मी. आणि जिथे हवं असतं तिथे आपण गाळतो. 'मला समजावून सांग' म्हणून एक्सप्लेन मी. तिथे पाहिजे एक्सप्लेन इट टू मी. रिक्वेस्टची तर गंमत आहे. नाम असताना फॉर लागतं, हिज रिक्वेस्ट फॉर लीव्ह. क्रियापद झालं की फॉर गळतं, ही रिक्वेस्टेड लीव्ह. नियम पाठ करून हे ध्यानात राहत नाही. वाक्य तोंडात बसलं की राहतं.

अंटिल हा माझ्या मते मराठी माणसाचा सगळ्यात मोठा सापळा. 'तो येत नाही तोपर्यंत मी थांबते' यात आपण 'नाही' घालतो, म्हणून अंटिल ही डझन्ट कम. इंग्रजीत नकार तिथे नकोच: आय विल वेट अंटिल ही कम्स. अंटिलमध्येच तो 'येत नाही तोपर्यंत' भरलेला आहे.

चकोर

अंटिलचं आज कळलं. ज्यांना ज्यांना असं लिहून पाठवलंय ते सज्जन निघाले, कुणी बोललं नाही.

तळटीप

उदाहरणवाक्य कसं असावं हा वाद जुना आहे, म्हणून थोडी माहिती. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ साली आला. चाळीस हजारांवर शब्द आणि त्यांच्या वापरासाठी ग्रंथांतून उचललेली लाखाच्या वर अवतरणं. शब्दाचा अर्थ कोशकाराने ठरवायचा नसून तो लेखकांच्या वापरातून दाखवायचा, ही दृष्टी त्या अवतरणांमागे आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश याच वाटेने गेला. पहिला भाग १८८४ ला निघाला, काम संपलं १९२८ ला, आणि हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून वाक्यांच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या.

पण हे कोश ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्यासाठी. शिकणाऱ्याच्या गरजा ओळखल्या त्या जपानात शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी. सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला. पुढे १९४८ ला ऑक्सफर्डने तो काढला, आणि आज शिकणाऱ्यांसाठीचा जो जाडजूड ऑक्सफर्ड कोश सगळीकडे दिसतो त्याचा हा मूळपुरुष. हॉर्नबींचा भर कशावर होता? क्रियापदापुढे काय येतं यावर. मनमोकळी यांनी वर जे मॅरी आणि एक्सप्लेनबद्दल लिहिलं तेच. १९७८ साली लाँगमनने सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या लिहून दाखवल्या. इंग्रजी-इंग्रजी कोश अवघड वाटतो म्हणणाऱ्यांनी असा कोश उघडून पाहावा.

मग १९८७ चा कोबिल्ड. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने संगणकात प्रचंड मजकूर साठवला आणि प्रत्येक शब्द खरोखर कोणाच्या शेजारी बसतो ते पाहिलं. व्याख्यासुद्धा पूर्ण वाक्यात दिल्या: तुम्ही अमुक करायला रिलक्टंट असाल तर... अशा थाटात. स्वल्पविराम यांची झाकण्याची कसोटी तिथे बऱ्याच व्याख्या पास होतील.

अशा मजकुरातून बाहेर आलेली एक गोष्ट मला फार आवडते. 'कॉज' या क्रियापदाचा कोशातला अर्थ तटस्थ आहे, 'घडवून आणणे'. पण त्याच्यापुढे येतं काय? प्रॉब्लेम्स, डॅमेज, डिले, पेन, कन्फ्यूजन. वाईटच. द हेवी रेन कॉज्ड सीरियस डॅमेज टू द क्रॉप्स. हर हार्ड वर्क कॉज्ड हर सक्सेस असं कोणी म्हणत नाही, तिथे लेड टू म्हणतात. व्याकरणाने चूक नाही, पण कानाला खटकतं.

पिंपळपान

'कारणीभूत'सारखं आहे की हे! अपघाताला कारणीभूत, भांडणाला कारणीभूत.

तळटीप

अगदी. 'यशाला कारणीभूत ठरले' असंही लोक लिहितात म्हणा, पण जाणता संपादक पेन्सिल उचलतो.

वाटसरू

आला का फिरून मराठीवरच गाडा. :) बरं, खरीखुरी वाक्यंच घ्यायची म्हणता, मग बातम्यांतून उचलावीत का?

तळटीप

उचलावीत, पण निवडून. खऱ्या वाक्यात पुष्कळदा भलतेच दोन-तीन अवघड शब्द असतात, मागचा-पुढचा संदर्भ तुटलेला असतो. नवख्याला ते जड जातं. मी वाक्य घेतो, त्याची शेपटं कापतो, अनोळखी नावं काढून टाकतो. शब्दाचे शेजारी मात्र हलवत नाही.

परीक्षार्थी

सगळं वाचलं. पण आमच्यासारख्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात. तिथे वाक्यं करत बसायला वेळ कुठे आहे? याद्या पाठ कराव्या लागतात. अबंडंट, प्लेंटिफुल, कोपियस, ॲम्पल, प्रोफ्यूज, सगळ्यांचा अर्थ 'विपुल'. हजारो शब्द आहेत असे. किती शब्द आले की पुरे, हे पण कोणी सांगा.

स्वल्पविराम

त्या पाचही शब्दांना एकच अर्थ दिलात की परीक्षेत 'रिकाम्या जागी योग्य शब्द' आला की पंचाईत. वुई हॅव ॲम्पल टाइम म्हणतात, कोपियस टाइम नाही. कोपियस नोट्स घेतात. प्रोफ्यूज ब्लीडिंग होतं, प्रोफ्यूज अपॉलजीज मागतात. शेजारी बदलला की शब्द बदलतो.

दुसरं म्हणजे सारख्या अर्थाचे नवे शब्द एकाच बैठकीत शिकले की एकमेकांत मिसळतात. हे नुसतं अनुभवावरून नाही सांगत, थॉमस टिंकम यांनी १९९३ च्या प्रयोगांत हेच दाखवलं, नंतर इतरांनाही तसंच आढळलं. एकाच गोत्रातले शब्द एकत्र पाठ करायला उलट जास्त खटपट पडली. तेव्हा आज ॲम्पल, आठवड्याने कोपियस. पाचही वेगवेगळे ओळखीचे झाले की मग समानार्थींची यादी म्हणून एकदा शेजारी मांडा. यादी शेवटी करायची गोष्ट आहे.

तळटीप

किती शब्द? पॉल नेशन यांनी २००६ साली केलेला हिशेब असा, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे हेल्प, हेल्पफुल, हेल्पलेस, अनहेल्पफुल मिळून एक. यात त्यांनी मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असावेत असं धरलंय. म्हणजे दर पन्नास शब्दांत एक अनोळखी.

आकडा बघून दचकू नका. सर्वात जास्त वापरातली पहिली दोन हजार कुटुंबंच साध्या मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग व्यापतात. माझं स्पष्ट मत: ती दोन हजार नीट वापरता येत नसताना ओब्सिक्विअस आणि परस्पिकेशस पाठ करणं म्हणजे पाया न घालता कळस चढवणं. गेट, टेक, पुट, सेट, रन यांचीच एकेकाची वाक्यं लिहायला बसलात तर वही भरेल.

कोरीपाटी

वा, धागा कुठल्या कुठे गेला! वाटलं होतं रोज चार शब्द जमतील. स्वल्पविराम, झाकण्याची कसोटी लावून वाक्यं पुन्हा करते आहे. पण मला मूळ अडचण राहतेच: वाचलेलं टिकत नाही. काल पाहिलेला शब्द आज भेटला तर फक्त तोंडओळख वाटते.

मनमोकळी

कारण तुम्ही तो पुन्हा वाचता, आठवत नाही. वही उघडून शब्द आणि अर्थ दोन्ही समोर असले की डोकं 'हो हो, माहीत आहे' म्हणतं. वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ ओढा, शब्द मागच्या बाजूला. पुढची बाजू बघून शब्द तोंडाने म्हणायचा, मग उलटून बघायचं. चुकला तरी चालेल, आठवायचा प्रयत्न झाला हेच काम. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बघितलं तर स्वतःची चाचणी घेणारे पुढे होते.

तळटीप

आणि मध्ये दिवस जाऊ द्या. विसरण्याचा वेग मोजायला एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली आणि ते सगळं १८८५ साली छापलं. सुरुवातीला झपाट्याने विसरतो, मग वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांबत जाणाऱ्या. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी खोक्यांची पद्धत सांगितली: आठवलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलेली पुन्हा पहिल्या. पुढची खोकी उशिरा उघडायची. फोनवर हवं असेल तर अँकी हे ॲप तेच करतं.

वाटसरू

अँकीबद्दल एक इशारा. दुसऱ्यांनी बनवलेले हजारो शब्दांचे तयार गठ्ठे मिळतात. उतरवून घेताना फार हुशार झाल्यासारखं वाटतं आणि पुढच्या आठवड्यात साचलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा बघून ॲपच उघडावंसं वाटत नाही. स्वतः वाचताना अडलेला शब्द आणि त्याच पानावरचं वाक्य, एवढंच घाला.

स्वल्पविराम

वाटसरूंशी पहिल्यांदा शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवतो.

परीक्षार्थी

बरं, मी पण करून बघतो. चूक असेल तर सांगा.

१. हार्डली – क्वचितच, जेमतेम. ही स्टडीज हार्डली फॉर द एक्झाम.
२. फ्यू – थोडे. फ्यू फ्रेंड्स हेल्प्ड मी, सो आय थँक्ड देम.
३. माइंड – हरकत असणे. डू यू माइंड इफ आय सिट हिअर? येस, प्लीज सिट.

मनमोकळी

तिन्ही उदाहरणं छान निवडलीत, तिन्हींत खड्डे आहेत.

पहिल्यात तुम्हाला 'जोरात अभ्यास करतो' म्हणायचंय का? मग हार्ड: ही स्टडीज हार्ड. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच: ही हार्डली स्टडीज, येट ही ऑलवेज पासेस. जागाही बघा, हार्डली क्रियापदाच्या आधी बसतं.

दुसऱ्यात व्याकरण बरोबर, अर्थ फिरला. नुसतं फ्यू म्हणजे 'थोडेच', तक्रारीचा सूर. अ फ्यू म्हणजे 'थोडेफार, काही'. आपण एक 'च' लावून जे करतो ते इंग्रजी 'अ' गाळून करतं. थोड्याच मित्रांनी मदत केली: फ्यू फ्रेंड्स हेल्प्ड मी, सो आय फेल्ट अलोन. काही मित्रांनी मदत केली: अ फ्यू फ्रेंड्स हेल्प्ड मी, सो आय थँक्ड देम. लिटल आणि अ लिटलचंही तेच.

तिसऱ्यात तुमचं उत्तर ऐकून माणूस उभाच राहील. प्रश्न आहे 'हरकत आहे का?' येस म्हणजे आहे. बसू द्यायचं असेल तर नो, नॉट ॲट ऑल.

परीक्षार्थी

'च'ची गोष्ट भारी आहे. आता विसरणार नाही.

कोरीपाटी

माझी सुधारलेली. मराठी वाक्यासकट.

ग्रज – मनातली अढी. शी स्टिल बेअर्स अ ग्रज अगेन्स्ट हिम फॉर नॉट इन्व्हायटिंग हर. बोलावलं नाही म्हणून तिच्या मनात त्याच्याबद्दल अजून अढी आहे.

मेटिक्युलस (पिंपळपान यांचा, वाक्य त्यांना अजून सुचायचंय). शी इज सो मेटिक्युलस दॅट शी चेक्स एव्हरी बिल ट्वाइस. ती इतकी काटेकोर की प्रत्येक बिल दोनदा तपासते.

स्वल्पविराम

उत्तम. ग्रज झाकला तरी 'बेअर्स अ ... अगेन्स्ट' वाचून तोच आठवतो. मेटिक्युलसच्या जागी केअरफुल बसतं, पण तो सख्खा भाऊच, चालेल. मेटिक्युलस अबाउट असंही जोडून ठेवा: ही इज मेटिक्युलस अबाउट हिज रेकॉर्ड्स.

पिंपळपान

माझं वाक्य पळवलंत, आता ग्रज धरतो. :)

चकोर

धरतो म्हणायचं असेल तर बेअर की होल्ड?

तळटीप

दोन्ही चालतात. होल्ड अ ग्रज बोलण्यात जास्त ऐकू येतं.

चकोर

मग मी उलट्या बाजूने विचारतो. मराठी शब्द माहीत आहे, इंग्रजी सापडत नाही. 'लाज वाटणे'. कोशात शेम, शायनेस, मॉडेस्टी अशी रांग दिसते. कुठला कधी?

मनमोकळी

मराठीत एकच लाज तीन ठिकाणी काम करते. अनोळखी माणसांसमोर बोलायला लाजणं, हा स्वभाव: ही इज टू शाय टू टॉक टू स्ट्रेंजर्स. काही चुकीचं केल्याची लाज, हे मनाला टोचणं: ही वॉज अशेम्ड ऑफ लायिंग टू हिज मदर. आणि चारचौघांत फजिती झाल्याची लाज: आय वॉज एम्बॅरस्ड व्हेन माय फोन रँग ड्युअरिंग द स्पीच. फोन वाजला यात पाप काही नाही, म्हणून तिथे अशेम्ड फार जड होतं.

चकोर

आणि 'जेवण करायचा कंटाळा आलाय'? बोअर्ड?

मनमोकळी

नाही. बोअर्ड म्हणजे करायला काही नसल्याने किंवा रटाळपणाने येणारा कंटाळा. काम करावंसं न वाटणं वेगळं: आय डोन्ट फील लाइक कुकिंग टुनाइट. फील लाइकच्या पुढे क्रियापदाला इंग लावायचं.

परीक्षार्थी

आय डोन्ट फील लाइक टू स्टडी टुडे.

स्वल्पविराम

स्टडीइंग. आणि परीक्षा तोंडावर असताना हे वाक्य इथे लिहू नका, घरचे वाचतील.